शाळेमागच्या पट्ट्यातले पाहुणे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘माझा छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणाच्या वेळी पडद्यावर सहा छायाचित्रं दाखवली होती. त्यांचे उल्लेख तसेच ठेवले आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि ‘छंदाबद्दल काहीतरी हलकंफुलकं बोल’ असं बजावलं आहे. माझा छंद फुलांवर येणाऱ्या कीटकांचे अगदी जवळून फोटो काढण्याचा, त्यामुळे हलकं आणि फुलकं दोन्ही आपोआप होईल. मात्र शेवटी मी एक मागणी करणार आहे, आणि ती आज चार वाजताच्या सभेत येणाऱ्या एका ठरावाबद्दल आहे. आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको, की फुलपाखरं दाखवून हिनं आम्हाला गाठलं.

आजचे सगळे फोटो एकाच जागेतले आहेत. आपल्या मावळात फोटो काढायचे म्हटलं की लोक लोहगडावर, राजमाचीला किंवा पवनेच्या काठी जातात. हे फोटो मात्र या सभागृहापासून शंभर पावलांवरचे आहेत. प्रयोगशाळेच्या खिडक्या आणि मागची कुंपणभिंत यांच्यामधला तो लांबट पट्टा तुम्हाला आठवत असेल. षटकार तिकडे गेला की चेंडू आणायला कुणी जायचं यावरून भांडणं व्हायची. गेले दोन पावसाळे, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, मी बऱ्याच शनिवारी सकाळी तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. पुण्याहून लोकल, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, हातात मोठी छत्री. शाळेचे शिपाईकाका पहिले दोन आठवडे मला जमीन मोजणारी बाई समजत होते.

आता पहिला फोटो बघा. हे काय आहे? बरोबर, सोनकी. श्रावण-भाद्रपदात आपल्या डोंगरउतारांवर पिवळा गालिचा पसरतो, तो हिचाच. आता मी विचारते, या फोटोत फुलं किती आहेत? सगळे म्हणताय, एक. हाच फोटो मी मोठा करते. मधली जी पिवळी चकती दिसते आहे, ती बारक्या-बारक्या फुलांची बनलेली आहे. प्रत्येकाला स्वतःच्या पाकळ्यांची छोटी नळी आहे, स्वतःचे परागकण आहेत. कडेच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्यातली प्रत्येकसुद्धा एक वेगळं फूल आहे. सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळाची हीच रीत आहे. बाईंनी आपल्याला हे नववीत फळ्यावर काढून दाखवलं होतं, सूर्यफुलाचा उभा छेद म्हणून. त्या आकृतीला पाच गुण होते, त्यामुळे ती पाठ होती. प्रत्यक्ष बघितली ती इथे. या चकतीवर बसलेला किडा एकदा तोंड घालून उडून का जात नाही, गोल-गोल फिरत का राहतो, हे त्यानंतर कळतं. त्याच्यासाठी ती पंगत आहे, आणि तो एकेका पानावर जेवतो आहे.

मघाशी चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, कॅमेरा कोणता, किती लाखांचा? म्हणून थोडं तंत्राबद्दल सांगते. जवळून फोटो काढण्यात ‘एकास एक’ असं एक माप असतं. म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. सेंटिमीटरभर लांबीची मधमाशी त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा रुंदी व्यापते. माशी एवढी मोठी झाली की अडचण दुसरीकडे सुरू होते. फोटोत स्पष्ट दिसणारा थर फार पातळ होतो. एकास एक या मापाला, लेन्सचं छिद्र बरंच लहान, म्हणजे एफ ११ एवढं ठेवलं, तरी तो थर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा असतो. वहीची दहा-बारा पानं एकत्र धरा, तेवढी जाडी. डोळे त्या थरात आले तर पंख धूसर, पंख आले तर डोळे धूसर. नियम एकच: निदान डोळा तरी स्पष्ट हवा. माणसाच्या फोटोला जो नियम तोच माशीला.

छिद्र लहान केलं की उजेड कमी पडतो, म्हणून फ्लॅश लागतो. नुसता फ्लॅश मारला तर भुंगेऱ्याची पाठ आरशासारखी चमकते आणि रंग दिसत नाही. फ्लॅशपुढे बटर पेपरचा पडदा लावला की उजेड मऊ होतो. वाऱ्याने फूल हललं तर कपडे वाळत घालायचा चिमटा एका काडीला बांधून त्यात देठ अलगद धरायचा. महागडी मॅक्रो लेन्स घ्यायलाच हवी असंही नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांचा फिल्मचा कॅमेरा कपाटात पडून असेल. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स एका साध्या रिंगने आजच्या कॅमेऱ्यावर उलटी बसवली की ती एकास एकच्या आसपास पोचते. फोकस हाताने करावा लागतो एवढंच. आणि मोबाइलवर चिमट्याने लावायची छोटी भिंगं मिळतात. आजच्या सहापैकी दोन फोटो मोबाइलचे आहेत. कोणते, ते मी सांगणार नाही, ओळखून दाखवा.

दुसरा फोटो. ही कोण? ‘मधमाशी’ असा आवाज आला. पिवळे-काळे पट्टे आहेत, फुलावर आहे, म्हणून मधमाशी. आता पंख मोजा. मधमाशीला चार पंख असतात, दोन मोठे, दोन लहान. हिला दोनच आहेत. मागच्या दोन पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक गोळे दिसतात, उडताना तोल सांभाळणारे. डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे, मिशा अगदी आखूड. ही हॉवरफ्लाय, घरमाशीच्या गणातली. हिला नांगी नाही. मधमाशीचे कपडे घालून ती हिंडते, म्हणजे पक्षी वाटेला जात नाहीत. हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते, ती हीच. हिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात. ज्यांच्या घरी गुलाब किंवा वाल-घेवडा आहे त्यांना मावा म्हणजे काय ते माहीत आहे. आपण ‘माशी’ म्हणून वर्तमानपत्राने हाकलतो, तिची पोरं आपल्याच घेवड्याची राखण करत असतात.

मला या छंदाची गोडी लागली ती इथे. फूल ओळखायला शिकले होते. अभियंता असलेल्या श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक २००१ साली आलं, त्यामुळे माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या अनेकांना सह्याद्रीतली फुलं नावानिशी कळू लागली. पण फुलाचं नाव कळल्यावर पुढचा प्रश्न येतो, की याच्याकडे येतं कोण, आणि कशासाठी? त्याचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा फुलासमोर बसून लवकर मिळतं.

तिसरा फोटो तेरड्याचा. गौरीच्या दिवसांत हा पट्टा तेरड्याने गुलाबी होतो. फुलाच्या मागे ही बारीक वाकडी शेपटी बघा. मकरंद या शेपटीत असतो. तो प्यायचा तर समोरून आत जावं लागतं, सोंड लांब लागते, आणि आत जाताना वरच्या बाजूचे परागकण पाठीला लागतात. फुलाचा हिशेब असा चोख आहे. पण या शेपटीवर मोहरीपेक्षा लहान एक तपकिरी भोक दिसतंय का? कुणीतरी मागच्या बाजूने भोक पाडून मकरंद पळवला आहे. दार न वाजवता खिडकी फोडण्याचा प्रकार. भोक कुणी पाडलं ते या फोटोत नाही. अशा चोऱ्यांमध्ये भोक पाडणारा एक असतो आणि नंतर त्याच भोकातून पिणारे दुसरेच असतात. या फुलावरून मी एक मुंगी आणि एक छोटी माशी टिपली, दोघी त्याच भोकाशी. नुसत्या डोळ्यांनी हे मला कधीच दिसलं नसतं.

चौथा फोटो घाणेरीचा. आपण म्हणतो, तेरड्याचा रंग तीन दिवस. खरं तर ही म्हण घाणेरीला जास्त शोभेल. हिच्या एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी आणि गुलाबी फुलं का असतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ती वेगळ्या रंगांची फुलं नसतात, वेगळ्या वयांची असतात. उमलतं तेव्हा फूल पिवळं असतं, नंतर रंग बदलत जातो. ब्राझीलमध्ये राहणारे जर्मन निसर्गअभ्यासक फ्रित्झ म्यूलर यांनी १८७७ साली हे लिहून ठेवलं आहे, की पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळट, आणि फुलपाखरं बहुतेक करून पिवळ्या फुलांत सोंड घालतात. जुनी फुलं गळत नाहीत, कारण गुच्छ मोठा दिसला की गिऱ्हाईक लांबून येतं. जवळ आल्यावर त्याला पिवळा रंग सांगतो, की इथे माल ताजा आहे. मी हे आपल्या कुंपणावर तपासलं. एकेका फुलपाखराचे ओळीने दहा-बारा फोटो घेतले आणि सोंड कुठे आहे ते घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं. बहुतेक वेळा पिवळ्यातच होती. दीडशे वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये एका माणसाने पाहिलेली गोष्ट लोणावळ्यातल्या शाळेच्या कुंपणावर जशीच्या तशी दिसते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. घाणेरी आपल्याकडची नव्हे, ती अमेरिका खंडातून आली आणि आता रानं व्यापत चालली आहे, हेही सांगायला हवं. तो मुद्दा शेवटी घेते.

पाचवा फोटो नीट बघा. पांढरं फूल, वर मधमाशी. छान फोटो आहे असं वाटतं. आता माशीच्या मानेखाली पाहा. पाकळीच्या रंगाचे दोन लांब पाय आहेत. हा खेकडा कोळी. हा जाळं विणत नाही. फुलावर दबा धरून बसतो आणि माशी उतरली की पुढच्या लांब पायांनी धरतो. या मंडळींच्या काही जाती काही दिवसांत स्वतःचा रंग पांढऱ्याचा पिवळा करू शकतात. कोळी कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. पण फुलांवरच्या कीटकांचा फोटो काढणाऱ्याला तो वारंवार भेटतो. एक खूण सांगते. फुलावरची माशी जरा जास्तच वेळ शांत बसली असेल आणि तुम्ही जवळ गेल्यावरही उडाली नाही, तर तुमचं नशीब चांगलं आणि तिचं वाईट आहे.

सहावा आणि शेवटचा फोटो. यात फूलच नाही. हे टाकळ्याचं पान आहे. पहिल्या पावसानंतर आपल्या आया-आज्या कोवळ्या टाकळ्याची भाजी करायच्या, तोच टाकळा. पानावर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरं उभं काहीतरी दिसतंय, ते फुलपाखराचं अंडं. गवतावर बुटकी उडणारी पिवळी फुलपाखरं असतात ना, कॉमन ग्रास यलो, तिचं. अळी निघाली की हे पान खाते. प्रत्येक फुलपाखराची अशी ठरलेली झाडं असतात. रुईच्या पानांवर प्लेन टायगर. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवलं, आणि असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. फुलपाखरू मकरंद दहा फुलांचा पिईल, पण अंडी घालायला त्याला तेच झाड लागतं. बागेत नुसती रंगीत फुलं लावली तर फुलपाखरं जेवायला येतील. राहायला येणार नाहीत.

टाकळ्याच्या फुलाचीही एक गंमत आहे. त्यात मकरंद नसतोच, फक्त परागकण असतात, आणि तेही बंद नळ्यांमध्ये. काही माश्या फुलाला घट्ट धरतात आणि पंख न हलवता अंगाची जोरदार थरथर करतात, मग टोकाच्या छिद्रातून पराग बाहेर उडतात. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांची रचनाही अशीच असते. निळ्या पट्ट्यांची एक देखणी माशी हे काम फार छान करते. तिचा आवाज बारीक शिट्टीसारखा येतो. फोटो काढताना कान उघडे ठेवले तर ती दिसायच्या आधी ऐकू येते.

आता या सहा फोटोंचं काय करायचं? फ्रेम करून दिवाणखान्यात लावता येतील. पण माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे, आणि आमच्यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. नोंदीवर तारीख-वेळ नसेल तर त्या नोंदीचा उपयोग नाही. बिघाड नेमका कधी झाला, आधी काय झालं आणि नंतर काय, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोटोचंही तसंच आहे. कॅमेरा तारीख आणि वेळ स्वतःच लिहून ठेवतो, मोबाइल तर जागासुद्धा. आपण फक्त झाडाचं नाव जोडायचं. ‘सुंदर माशी’ हा नुसता फोटो. ‘सोनकीवर हॉवरफ्लाय, शाळेमागचा पट्टा, ऑगस्टचा तिसरा शनिवार, सकाळी दहा, पावसाची उघडीप’ ही नोंद. अशा नोंदी सांभाळणारी ठिकाणं आहेत. आयनॅचरलिस्ट आहे, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आहे. तुम्हाला नाव माहीत नसलं तरी तिथे कुणीतरी जाणकार ते सुचवतो.

आणि आपण ज्या परिसरात शिकलो तो काही ऐरागैरा नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे फादर सांतापाव, मूळचे स्पेनचे, वर्षानुवर्षं खंडाळ्याच्या रानात हिंडले आणि इथल्या झाडाझुडपांची सविस्तर सूची त्यांनी तयार केली. ‘द फ्लोरा ऑफ खंडाळा’ या नावाने ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालक झाले. आपल्या शेजारच्या घाटमाथ्यावर कोणती वनस्पती होती, हे सत्तर वर्षांपूर्वीचं आज आपल्याला वाचता येतं, कारण एका माणसाने त्या वेळी लिहून ठेवलं. त्यांनी खंडाळ्याच्या झाडांची यादी केली. आपण आपल्या शाळेच्या फुलांवर येणाऱ्यांची यादी करू शकतो. त्यासाठी फादर व्हावं लागत नाही. आठवीतलं पोर हे करू शकतं.

तीन पथ्यं मात्र सांगते, कारण हल्ली जवळून काढलेल्या फोटोंची स्पर्धा लागली आहे. पहिलं, फूल तोडायचं नाही. तोडलेल्या फुलावर कोण येतं, ही माहिती कुणाच्याच कामाची नसते. दुसरं, किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणं, चिकटवणं, त्याच्यावर फवारा मारणं, हे करायचं नाही. पहाटे गारव्यात कीटक आपणहून सुस्त असतात. तेव्हा उठून जावं, नाहीतर झोपून राहावं. तिसरं, एका फुलाच्या फोटोसाठी पन्नास रोपं तुडवायची नाहीत. पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना आपल्या पठारांवर काय होतं, ते इथल्या लोकांना मी सांगायची गरज नाही.

आता मागणी. आज चार वाजता जो ठराव येणार आहे तो असा आहे, की आपल्या निधीतून शाळेमागचा पट्टा ‘विकसित’ करावा. पूर्ण पट्ट्यात पेव्हर ब्लॉक, मधोमध लॉन आणि कडेने शोभेच्या कुंड्या. ज्यांनी हा प्रस्ताव मांडला ते माझे मित्र आहेत, आणि त्यांनी पेव्हरचं काम नफा न घेता करून द्यायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या मनात शाळेबद्दल जे आहे तेच माझ्याही आहे. त्यांनी तो पट्टा मार्चमध्ये पाहिला. मार्चमध्ये तिथे वाळलेलं गवत, दगड आणि चिप्सची पाकिटं असतात. कुणालाही वाटेल की ही वाया गेलेली जागा आहे.

पण आपल्याकडे वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या पट्ट्याचं आयुष्यही त्या हिशेबाने चालतं. तेरडा आणि टाकळा एका हंगामाचे. रोप मरतं, बी मातीत राहतं. रानहळदीचा कंद मातीत राहतो. मार्चमध्ये आपल्याला जे रिकामं दिसतं, ते खाली भरलेलं असतं. त्यावर पेव्हर बसवला की ते बी जूनमध्ये उगवणार नाही. टाकळा नाही म्हणजे ते पांढरं अंडं नाही. सोनकी नाही म्हणजे ती दोन पंखांची माशी नाही. लॉनमध्ये हिरवा रंग मिळेल, पण आज पडद्यावर दाखवलेल्या सहापैकी एकही फोटो तिथे पुन्हा काढता येणार नाही.

पालकांच्या तक्रारी आहेत, त्या मला ठाऊक आहेत. साप निघेल, डास होतील, मुलं घसरतील. त्या खऱ्या आहेत, म्हणून माझा प्रस्ताव त्यांना धरूनच आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीलगत पाच-सहा फुटांची वाट पेव्हरची करावी. तिथलं गवत कायम कापलेलं राहील आणि मुलं चिखलात न जाता वाटेवरून बघू शकतील. पाणी साचतं तो खड्डा बुजवावा. कुंपणावरची घाणेरी काढावी; आमच्या म्यूलरसाहेबांसाठी रस्त्याकडेला ती भरपूर आहे. उरलेला पट्टा आहे तसा ठेवावा, तणनाशक मारू नये आणि गवत वर्षातून एकदाच, डिसेंबरमध्ये, बी पडून गेल्यावर कापावं. खर्च ठरावातल्या रकमेपेक्षा बराच कमी येईल. वाचलेल्या पैशांतून मोबाइलला लावायची चार भिंगं, फुलांची-फुलपाखरांची पुस्तकं आणि एक जाड वही घ्यावी. वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, हवा, झाड, पाहुणा. आठवीच्या मुलांनी जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसून ती भरावी. त्या वर्षीच्या बाई किंवा सर सही करतील. पहिल्या वर्षी वहीत ‘काळा किडा’, ‘मोठी माशी’ असंच असेल. चालेल. तिसऱ्या वर्षी नावं येतील. दहाव्या वर्षी सोनकी आधी फुलली की उशिरा, कोण यायचं थांबलं, हे या शाळेच्या वहीत सापडेल. गुळगुळीत लॉन प्रत्येक शाळेला करता येतो. अशी वही किती शाळांकडे असेल?

पेव्हरवाल्या मित्राशी मी काल फोनवर बोलले. तो म्हणाला, ‘तू लोकांना पटव, वाटेचं काम मी करतो.’ म्हणजे माझं अर्धं काम त्यानेच केलं आहे.

जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याकडे एक चक्कर मारा, अशी सगळ्यांना विनंती आहे. या महिन्यात तिथे फारसं काही नाही, पण भिंतीच्या पायाशी दगडी पाला फुलला आहे. लांब काडीवर बारीक पिवळं-पांढरं फूल. गुडघा फुटला की आपण त्याचा पाला चुरडून लावायचो, तोच. उन्हात त्यावर नखाएवढी निळसर फुलपाखरं आणि छोट्या माश्या येत असतात. हळू जा, आणि तुमची सावली फुलावर पडणार नाही अशा बाजूला बसा. पाच मिनिटं पुरतात. मग चार वाजता हात वर करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.